माशांच्या आधी पाण्याची ओळख करून देणाऱ्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र मी तुमच्या हाती नेऊन देऊ शकले असते. परंतु ते सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहिण्यामागे कारण आहे. घरात पहिल्यांदाच मत्स्यटाकी आणणाऱ्या पुष्कळ जणांच्या बाबतीत शिकणे आणि मासे दगावणे या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात, आणि मग ‘आम्हाला मासे लाभत नाहीत’ असा समज करून घेऊन ती मंडळी रिकामी टाकी माळ्यावर टाकून देतात. माझ्या शिकण्याची किंमत माझ्या माशांना मोजावी लागली नाही, आणि याचे श्रेय सर्वस्वी तुमचे आहे. तुम्ही मला जे समजावून सांगितलेत, ते माझ्यासारख्या इतर नवशिक्यांपर्यंतही पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सर्वांत आधी आभार मानायचे आहेत ते तुम्ही मला थांबवलेत याबद्दल. टाकी आणायची, पाणी भरायचे आणि त्याच संध्याकाळी मासे सोडायचे, असा माझा बेत होता. तुम्ही नुसते ‘नको’ म्हणाला असतात, तर कदाचित मी ऐकले नसते; पण तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलात आणि मासा पाण्यात काय सोडतो, त्याचे पुढे काय होते, हे क्रमाने लिहून दाखवलेत. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य, विष्ठा आणि कुजणारी पाने यांतूनही तोच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो प्रचंड पाण्यात विरून जातो आणि तेथील सजीव त्याची विल्हेवाट लावतात, मात्र काचेच्या चार भिंतींत त्याला जायला जागाच नसते. काही सूक्ष्मजीव या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट बरेच कमी घातक असल्यामुळे नियमित पाणी बदलून आटोक्यात ठेवता येते. नव्या टाकीत हे सूक्ष्मजीव जवळजवळ नसतातच. त्यामुळे पाणी अगदी नितळ दिसत असतानाही ते माशांसाठी विषारी असू शकते, ही गोष्ट मला तुमच्याकडून पहिल्यांदा कळली.

नायट्राइटविषयी तुम्ही जे सांगितलेत ते तर मनात कोरले गेले आहे. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे अशा रूपात परिवर्तन करते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात, आणि पाण्यात पुरेसा प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. असा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला की नवखा माणूस तो भुकेला आहे असे समजून आणखी खाद्य टाकतो, आणि त्या खाद्यातून पुन्हा अमोनियाच वाढतो. हे ऐकल्यावर मी टाकी आणण्यापूर्वी टेस्ट किट, म्हणजे पाण्यातल्या अमोनिया-नायट्राइटचे प्रमाण रंगावरून दाखवणारा संच, आणले. पाणी मोजता येत असेल तर अंदाजाने औषधे ओतावी लागत नाहीत, हे तुमचे म्हणणे मला आजही तितकेच मोलाचे वाटते.

त्यानंतरचे आठवडे माझ्या घरी एकही मासा नव्हता. टाकीत खडी होती, वनस्पती होत्या, फिल्टर आणि हीटर सुरू होते, आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे मी सुगंध किंवा साबणाचा अंश नसलेला अमोनिया मोजून घालत होते, जेणेकरून त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम राहील. सुरुवातीच्या दिवसांत पाणी दुधाळ झाले, तेव्हा ते सगळे ओतून देण्याचा मोह झाला होता. पण नव्या टाकीत सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू एकदम वाढल्याने असे होते आणि ते आपोआप निवळते, हे तुम्ही आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे मी हात आवरला. पुढे अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट चढू लागले. हा मधला टप्पा फार रेंगाळतो, आणि माझ्या मते बहुतेक लोकांचा धीर सुटतो तो इथेच. साधारणपणे या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून अधिकही. लिटरमागे घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत पूर्ण नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसले पाहिजे आणि नायट्रेट मात्र वाढलेले दिसले पाहिजे, ही तुम्ही घालून दिलेली कसोटी होती. ती पूर्ण झाल्यावर, मासे सोडण्याआधी, साचलेले नायट्रेट कमी करण्यासाठी तुम्ही मला बरेचसे पाणी बदलायला लावलेत.

या काळात तुम्ही दिलेल्या एका वस्तूबद्दल वेगळे आभार मानले पाहिजेत, आणि ती म्हणजे तुमच्या वर्षानुवर्षे निरोगी असलेल्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा. दिसायला तो मळकट तपकिरी होता; पण आपल्याला हवे असलेले सूक्ष्मजीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात, आणि त्यांची सर्वाधिक वस्ती फिल्टरमध्ये असते. तो तुकडा वाटेत सुकू नये म्हणून तुम्ही तुमच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणला होता आणि आल्याबरोबर माझ्या फिल्टरमध्ये बसवला होता. वेळ वाचला तो त्यामुळे. ज्या टाकीत रोग येऊन गेला आहे, तिथला स्पंज मात्र कधीही घ्यायचा नाही, हेही तुम्ही त्याच वेळी बजावले होते.

अमोनिया मोजताना पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) आणि तापमानही का पाहायचे, हे सोपे करून सांगितल्याबद्दलही मी ऋणी आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी एकच रूप तीव्र विषारी आहे. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर हे विषारी रूप एकूण अमोनियाच्या शेकडा एकाहून कमी असते, आणि पीएच ८ झाला की तेच शेकडा पाचाच्या आसपास जाते. म्हणजे किटवर एकच रंग दिसत असला तरी दोन टाक्यांतल्या माशांवरचे संकट सारखे नसते. हा हिशेब नवशिक्याला जड जाईल असे समजून पुष्कळ जण तो सांगतच नाहीत. तुम्ही तो सांगितलात, आणि तो जड गेला नाही.

तुमच्या एका सवयीची मी पूर्ण नक्कल केली आहे. तुम्ही फिल्टरचा स्पंज नळाखाली धरत नाही. पाणी बदलताना सायफनने बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो हलकेच पिळता. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपल्यासाठी उपकारक असले तरी माशांचे कल्ले आणि फिल्टरमधली वस्ती या दोहोंचे ते नुकसान करते. पाणी दिवसभर उघडे ठेवले, आणि त्यात एअर पंपाचे बुडबुडे सोडले, की क्लोरीन निघून जाते. पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेले जंतुनाशक) वापरले जात असेल तर ते असे सहज उडून जात नाही, म्हणून क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेटयुक्त द्रावण योग्य मात्रेत घालणे अधिक भरवशाचे. त्यातही क्लोरामाइन फुटल्यावर थोडा अमोनिया मागे उरतो, तेव्हा चालू स्थितीतला फिल्टर हवाच. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी, टाकीतल्या पाण्याच्या तापमानाशी जुळवून, बदलायचे, हा क्रम मी आता न चुकता पाळते, आणि फिल्टर रात्रीही बंद करत नाही, कारण त्या सूक्ष्मजीवांनाही सतत प्राणवायू लागतो.

माशांची निवड करताना तुम्ही मला टाकीच्या मापापासून सुरुवात करायला लावलीत. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच टाकीत काठोकाठ भरले तरी ५४ लिटर पाणी मावते, आणि खडी व वरची मोकळी जागा वजा जाता ते आणखी कमी होते. मला गोल्डफिश हवे होते. ते पूर्ण वाढले की वीतभर किंवा त्याहूनही मोठे होतात, त्यांना थंड पाणी मानवते आणि ते घाणही पुष्कळ करतात, हे तुम्ही सांगितल्यावर मी तो विचार सोडला. त्याऐवजी झेब्रा डॅनिओंचा थवा सुचवलात, कारण हा चपळ, काटक मासा लहान राहतो आणि सोबतीने खुलतो. निऑन टेट्रा काय किंवा तळाशी वावरणारे कोरीडोरास काय, यांना निदान सहा जणांची सोबत नसेल तर ते बुजून राहतात. उलट नर फायटर मासा दुसऱ्या नराला सहन करत नाही. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणजे २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात माशांची गर्दी अधिक धोक्याची ठरते आणि पृष्ठभाग हलता ठेवावा लागतो. गोल, अरुंद तोंडाच्या भांड्यात मासा ठेवू नये, हा तुमचा आग्रह पूर्णपणे योग्य आहे, आणि ती भांडी शोभेची म्हणून अजूनही घेतली जातात याचे मला वाईट वाटते.

खाद्याबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत, आणि फार बोलण्यासारखे त्यात नाहीही: दोनतीन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदोनदा.

आजाराविषयी मात्र तुम्ही खूप वेळ दिलात. नवे मासे आणले की ते थेट मुख्य टाकीत न सोडता स्पंज फिल्टर लावलेल्या लहान, वेगळ्या टाकीत दोन ते चार आठवडे ठेवायचे, हा नियम त्या वेळी मला काटेकोर वाटला होता. मग पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे चक्र तुम्ही समजावलेत. मिठाच्या कणांसारखे दिसणारे ते ठिपके म्हणजे त्वचेखाली दडलेला एकपेशीय परजीवी असतो, आणि तिथे असेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो पुरेसा वाढला की मासा सोडून तळाशी जातो, कवच करून त्यात शेकडो पिल्लांत विभागतो, आणि ही पिल्ले नवा मासा शोधत पोहू लागली म्हणजे तेवढ्याच टप्प्यावर औषध लागू पडते. म्हणूनच ठिपके दिसेनासे झाले म्हणून औषध थांबवायचे नसते, आणि म्हणूनच वरवर निरोगी दिसणारा मासाही काही काळ वेगळा ठेवायचा असतो. तांब्याची औषधे गोगलगायी आणि कोळंबीला मारक ठरतात, काही औषधांनी फिल्टरमधले सूक्ष्मजीवही मरतात. तेव्हा उपचार वेगळ्या टाकीत करणेच बरे. सध्या माझ्या त्या लहान टाकीत कोरीडोरास आहेत. त्यांची पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळले, आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडले. पिशवीतले पाणी टाकीत ओतले नाही. सर्व जण खातात, कल्ल्यांची हालचाल संथ आहे, मिशा शाबूत आहेत.

काका, मी कोणतीही शंका घेऊन आले की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “अमोनिया किती, नायट्राइट किती, तापमान किती?” माझ्या वहीत आकडे नसतील, तर तुम्ही सल्ला न देता मला परत पाठवत होता, आणि आकडे घेऊन आले की कितीही उशीर झालेला असला तरी बसवून घेत होता. झेब्रा डॅनिओ सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली, तेव्हाही तुमच्या आवाजात कधी कंटाळा जाणवला नाही. त्या वेळेबद्दल, त्या धीराबद्दल आणि त्या स्पंजच्या तुकड्याबद्दल मी तुमची अत्यंत आभारी आहे. कोरीडोरासना मुख्य टाकीत हलवण्याआधी वही घेऊन येईन; तोपर्यंत आकडे रोज लिहीत आहे.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची तुमची विद्यार्थिनी