आस कलतो, पण इतक्या घाईने नाही

संपादक महोदय,

पाऊस लांबला की आमच्या परभणी जिल्ह्यात पारावर ‘पृथ्वीचा आसच कलला, माणूस काय करणार’ असे हमखास ऐकू येते. हे निम्मेच खरे आहे. आसाचा कल सुमारे 41,000 वर्षांच्या आवर्तनात 22.1 ते 24.5 अंशांदरम्यान बदलतो, कक्षा सुमारे 1,00,000 वर्षांत कमी-अधिक लंबवर्तुळाकार होते, आणि आस भोवऱ्यासारखा डुलत सुमारे 26,000 वर्षांत एक फेरा पूर्ण करतो. (पंचांग पाहणाऱ्यांना हा फेरा नवा नाही, उत्तरायण 22 डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊनही संक्रांत 14 जानेवारीला येते, ती याच संपातचलनामुळे.) सर्बियाचे मिलुटिन मिलांकोविच यांनी गणिताने मांडले की, या तिन्हींच्या मेळातून 65 उत्तर अक्षांशाच्या परिसरात उन्हाळ्याचे ऊन कमी पडले, तर हिवाळ्यातला बर्फ पुरता वितळत नाही, थरावर थर साचतात आणि हिमस्तर पसरतो. सुमारे 21,000 वर्षांपूर्वी हे हिमस्तर ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती.

मात्र हे सारे हजारो वर्षांच्या गतीने घडते. हवेतील कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे 280 भागांवरून 420 च्या वर गेला, तो अवघ्या दोन-अडीच शतकांत. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याची कारणे आसाच्या कलात नव्हे, तर उसाच्या पाटात आणि खोल खोल गेलेल्या बोअरमध्ये शोधायला हवीत.

एक वाचक, परभणी