कराडवरून गेलो, पण थांबलो नाही

एडिसन, न्यू जर्सी
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुन्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. २० सप्टेंबरला, शनिवारी, सकाळी सव्वाआठला मी कराडात होतो. हायवेच्या त्या संपता न संपणाऱ्या कामात गाडी वीस मिनिटं अडकली होती. तिथून तुझ्या गच्चीवरची निळी टाकी दिसत होती. मी तुला फोन केला नाही. दादा तुला कधीतरी सांगेलच, म्हणून त्याच्या आधी मीच लिहितोय. व्हॉट्सॲपवर तीनदा टाईप केलं आणि पुसलं. तू म्हणायचास, माझं अक्षर बरं आहे, बाकी सगळं वाईट. म्हणून कागदावर.

तब्येत ठीक. शुगर काठावर आहे, काठावरच राहू दे.

झालं असं की मी आलो होतो सर्वपित्रीसाठी. अमावास्या रविवारी, २१ तारखेला. अण्णांच्या वेळी आलो नव्हतो हे तुला मी सांगायला नको. तेव्हा पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का नव्हता, वकील म्हणाला, गेलास तर परत यायची तारीख मी सांगू शकत नाही, आणि मी इथे बसून राहिलो. खांदा तू दिलास. तू त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस, तेच जास्त लागतं बघ. तर म्हटलं, या वर्षी निदान पान तरी आपल्या हातानं वाढू.

शनिवारी पहाटे साडेपाचला फोन वाजायला लागला. कंपनीच्या वकिलाची मेल, मॅनेजरची मेल, आणि आमच्या इथल्या ग्रुपवर चारशे मेसेज. ट्रम्पनं सही केली होती: एच-वन-बीवर, आमच्या नोकरीच्या व्हिसावर, १ लाख डॉलर फी, आणि ते लागू रविवारी रात्री १२ वाजून १ मिनिटानं. म्हणजे आपल्याकडचे रविवार सकाळचे साडेनऊ. ८८ लाख रुपये, सुन्या! त्यांचा व्यापारमंत्री लटनिक तर दर वर्षी भरायचे म्हणून सांगत होता. मेलमध्ये एकच ओळ ठळक केली होती: जे देशाबाहेर आहेत त्यांनी मुदतीच्या आत परत यावं.

आई तेव्हा वड्यांची डाळ निवडत होती. मी म्हटलं, आई, मला निघायला लागतंय. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "भाकरी बांधून देते, तिकडचं खाऊ नको." तिकडचं म्हणजे विमानातलं का अमेरिकेतलं, कोण जाणे.

पावणेसातला मिरज सोडली. ड्रायव्हर पोरगा कासेगावचा, अठरा-एकोणीसचा. त्याला म्हटलं, उद्या सकाळी साडेनऊच्या आत अमेरिकेत पोचायचंय. तो म्हणाला, "सर, पेठ नाक्यापर्यंत तरी जाऊ दे की आधी." आणि मग कराड आलं.

का नाही थांबलो? वेळ नव्हता हे कारण खरं नाही, गाडी तशीही उभीच होती. तू पाच मिनिटांत स्कूटर घेऊन आला असतास. तुझ्यासाठी आणलेला कीबोर्डसुद्धा बॅगेत वरच होता. खरं कारण हे की मला त्या अवस्थेत तुझ्यासमोर उभं राहायचं नव्हतं. मे २००८ ची ती दुपार, कर्वेनगरचं अमृततुल्य. व्हिसाच्या यादीत माझं नाव होतं, तुझं नव्हतं. मी म्हणालो, "अरे लॉटरीच असते ती." तू कप ठेवलास आणि म्हणालास, "ज्याला लागते त्यानं लॉटरी म्हणायचं नसतं." त्यानंतर आपण दहा महिने बोललो नाही. (नंतर तू म्हणालास की तो राग मी तुझे दोन हजार परत दिले नव्हते त्याचा होता. तू खोटं बोललास. दोन हजार मी अजूनही देणार नाही.)

त्या वर्षी पाच दिवसांत १ लाख ६३ हजार अर्ज आले होते. जागा ६५ हजार, अधिक तिथं मास्टर्स केलेल्यांना २० हजार. कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या काढल्या. त्यात कोण शहाणा आणि कोण ढ हे बघायची सोयच नव्हती. असती तर कोण गेलं असतं हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आणि मी पोचलो ऑक्टोबरात, लेहमन बँक बुडून महिना झालेला नव्हता. तुझा पहिला मेल आठवतो, दहा महिन्यांनी आलेला? "बुडत्या बोटीचं तिकीट मिळाल्याबद्दल अभिनंदन."

सातारा येईपर्यंत माझं गणित झालं होतं. मुंबईहून थेट विमानालासुद्धा पंधरा-सोळा तास. म्हणजे संध्याकाळी पाचच्या आत हवेत असायला हवं, आणि त्या वेळेला थेट विमान नाही. वाटेत उतरून जायचं तर रविवार दुपार. काही केलं तरी पोचत नव्हतो. तरी मी पोराला थांब म्हणालो नाही. खंबाटकीत दादाचं कार्ड वापरून तिकीट काढायला बसलो, एका बाजूचे १ लाख ८५ हजार. ओटीपी गेला दादाच्या फोनवर. दादा मंडईत पत्रावळींचा भाव करत होता, फोन घरी. तीनदा मुदत संपली. चौथ्यांदा तिकीटच संपलं. मी बोगद्याच्या अंधारात बसून मोठ्यानं हसलो. पोरगं घाबरलं.

शेवटी विमानतळावर पोचलो साडेचारला. माझ्यासारखे बरेच होते. एक बाई साडी नेसून, हातात हिरव्या बांगड्या, बहुतेक घरचं कार्य टाकून आलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळे फोनमध्ये डोकं घालून. रात्री पार्ल्याला मावसभावाकडे झोपायला गेलो. उशिरा व्हाइट हाऊसनं खुलासा केला: फी फक्त नव्या अर्जांना, एकदाच भरायची, ज्यांच्याकडे आधीचा व्हिसा आहे त्यांना काही नाही. म्हणजे माझा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता! मी २७ तारखेच्या ठरलेल्या विमानानंच आलो. नेवार्कच्या खिडकीतल्या माणसानं तीन प्रश्न विचारले आणि जांभई दिली.

रविवारचं तर्पण मी पार्ल्यातून व्हिडिओवर बघितलं. दादा म्हणाला, पान ठेवलं न ठेवलं तोच कावळा आला. आई म्हणाली, "घाईच असणार त्यांना. बाळूला बघायला मुंबईला जायचं असंल." हे तुला सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो डोळे पुसेल. तू हसशील.

सोमवारी परत मिरजेला गेलो, पण रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, झोपेचं सोंग घेऊन. तेव्हाही कराड लागलं. ते वेगळं धरू नकोस, एकाच गुन्ह्यात घाल.

आता मनातलं. इथे आल्यापासून जो तो या विषयावर बोलतोय. गेल्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात या फीविरुद्ध दावापण दाखल झाला, दवाखान्यांसाठी नर्सेस आणणारे, कामगार संघटना, प्राध्यापक, चर्चवाले, सगळे मिळून. गेल्या डिसेंबरात याच व्हिसावरून मस्क आणि विवेक रामस्वामी एका बाजूला, ट्रम्पचाच जुना सल्लागार बॅनन दुसऱ्या बाजूला, हे भांडण तू फोनवर मला वाचून दाखवलं होतंस. रामस्वामी म्हणाला होता, अमेरिकेत गणित ऑलिंपियाडच्या पोरापेक्षा प्रॉम क्वीनचं कौतुक जास्त. तेव्हा माझी छाती जरा फुगली होती, खोटं कशाला बोलू. मग माझं मलाच विचारलं, बाळ्या, तू कुठलं ऑलिंपियाड? सेकंड इयरला एम-थ्रीत, म्हणजे गणितातच, नापास होऊन केटी लागलेला माणूस तू.

एका बाजूचे म्हणतात आम्ही जगातले निवडक हुशार. दुसऱ्या बाजूचे म्हणतात आम्ही स्वस्तातले मजूर. पहिलं खोटं आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. दुसरं मला पूर्ण खोटं म्हणता येत नाही. २०१५ साली ऑर्लँडोत डिस्नेनं अडीचशेच्या आसपास आयटीवाले काढले, काहींना जाण्याआधी त्यांच्या जागी आलेल्यांना शिकवून जायला लावलं. तेव्हा इथे बोंब झाली. मी त्याच्या चार वर्षं आधी असाच एका क्लायंटकडे एका बाईंकडून केटी, म्हणजे त्यांच्या कामाची माहिती, घेतली होती, तुला म्हटलंही नव्हतं. बावीस वर्षांची नोकरी त्यांची. शेवटच्या दिवशी जॉब शेड्युलरचे पासवर्ड दिले आणि मग म्हणाल्या, ही खुर्ची अशी खाली होते, तू माझ्यापेक्षा उंच आहेस, डाव्या बाजूचा खटका आत दाबायचा. खाली वाकून दाखवला. मी थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.

पण स्वस्त म्हणजे काय, तेही ऐक. पगार वाईट नाही रे. दोरी वाईट. नोकरी गेली तर साठ दिवस. त्यात दुसरी मिळाली नाही तर घर, गाडी, पोरीची शाळा, सगळं गुंडाळा. त्यामुळे बॉस शनिवारी म्हणाला तरी आपण हो म्हणतो, आणि पगारवाढ नाही म्हणाला तरी हो म्हणतो. तो शेजारचा मार्क नाही म्हणतो. मार्कला माझा राग येतो तो बरोबर आहे, फक्त त्यानं तो दोरी धरणाऱ्यावर काढावा. ग्रीन कार्ड मिळालं की दोरी सुटते, पण नोकरीवाल्यांना वर्षाला १ लाख ४० हजार कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या वर नाहीत. एच-वन-बीत मात्र शंभरातले सत्तर आपलेच. आत सोडायचं पोतं उघडून आणि पुढचं दार सुईच्या भोकाएवढं. रांगेतली माझी तारीख २०१४ ची, सध्या नंबर २०१३ च्या एप्रिलवाल्यांचा चाललाय. ऐकायला वर्षाचंच अंतर वाटतं. अशी अंतरं मी कित्येक वर्षं ऐकतोय.

आणि त्या २०१४ च्या अर्जाला कागद कुणाचा लागला होता? पुण्याची कंपनी पत्र देईना, तेव्हा जुन्या सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र चालेल म्हणून वकील म्हणाला. तू कराड कोर्टाबाहेर शंभराच्या स्टँपवर नोटरी करून दिलंस, की श्री. अमुक यांनी सेटलमेंटचं मॉड्यूल एकहाती लिहिलं. साडेतीन रात्री जागून ते मॉड्यूल खरं तर लिहिलं होतंस तू. मी फक्त वडापाव आणले. ते मॉड्यूल माझ्या रेझ्युमेत अजून आहे. तू कधी बोलला नाहीस, मी कधी विचारलं नाही. कराडात टाकी दिसली तेव्हा मला नेमका तो स्टँपपेपर दिसला. आता कळलं का थांबलो नाही?

पुढच्या ऑक्टोबरात माझी तीन वर्षं संपतात, परत मुदतवाढ. वैशाली म्हणते, या खेपेला मिळाली नाही तर सरळ जाऊ. तिचंही कामाचं परमिट माझ्याच कागदाला बांधलेलं. पोरगी म्हणते, तुम्ही जा, मी अमेरिकन आहे. घरात अमेरिकन पासपोर्टवाली एकटी तीच, चौदा वर्षांची, आणि पानात भाजी टाकते. मला विचारशील तर शनिवारी त्या गाडीत मला एकदाही असं वाटलं नाही की जाऊ दे, राहू इथेच. सतरा वर्षं परत येईन परत येईन म्हणून तुझं डोकं खाल्लं, आणि वेळ आली तेव्हा मी मुंबईच्या दिशेनं पळत होतो. हे कुणाला सांगू नकोस. आईला तर नाहीच.

तुझं पिग्मीचं ॲप आता किती पतसंस्थांत चालतं? ऑडिट निभावलं का? चिरंजीवांची बारावी ना यंदा? त्याला इंजिनिअरिंगला घाल वा नको, मी काही बोलणार नाही, माझं ऐकून कुणाचं भलं झालंय? उज्ज्वला वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं, त्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं ना? दुसऱ्याला दाखवा.

कीबोर्ड दादाकडे ठेवलाय, कपाटावर, निळ्या पिशवीत. मिरजेला गेलास की घेऊन जा. त्याचा आवाज फार होतो, वहिनी ओरडतील. आणि आई विचारेल मी तुला भेटलो होतो का. हो म्हण.

तुझा,
बाळू

ता. क. स्टँपचे शंभर आणि नोटरीचे जे काय झाले असतील ते धरून दोन हजारांत घाल. तेही देणार नाही.