रक्तपिपासूंचा लघुपट आणि आपली मराठी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बेळगावातल्या वडगावच्या काही मुलांनी रक्तपिपासू पिशाच्च आणि रॉक संगीत यांवर काढलेल्या लघुपटाचा एका वाचकाने गेल्या आठवड्यात याच सदरात कडक शब्दांत समाचार घेतला. सीमाभागात मराठी टिकवण्यासाठी इतकी वर्षे झगडा चालू असताना असले परदेशी विषय हवेत कशाला, असा त्यांच्या पत्राचा रोख होता. मी तो लघुपट पाहिला आहे, त्याच्या तालमींनाही जाऊन बसलो आहे, आणि म्हणूनच या टीकेला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली आली. तिच्यातला रक्तपिपासू काउंट दिवसाउजेडीही हिंडतो. उन्हाने पिशाच्च नाहीसे होते ही कल्पना १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने रूढ केली. म्हणजे ज्याच्या हाती हे पिशाच्च पडले, त्याने ते आपल्या परीने घडवले. भयकथाकार नारायण धारपांनी 'लुचाई' या कादंबरीतून ते मराठी वाचकाच्या उंबऱ्याशी आणून उभे केले, तेव्हा आमच्या वाचनालयात त्या पुस्तकासाठी नंबर लावून थांबावे लागे. मराठी बाटली, अशी तक्रार केलेली मी तरी कोणाकडून ऐकली नाही.

या मुलांपुढे नमुना होता तो रॉब स्टेफानिअक यांच्या 'सक' या २००९ च्या कॅनडियन चित्रपटाचा. लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशा तिन्ही जबाबदाऱ्या त्यांनीच पेलल्या आहेत. गावोगाव कार्यक्रम करूनही कोणी न विचारणाऱ्या एका बँडमधील बेस गिटार वाजवणारी मुलगी पिशाच्च होते, तिच्याकडे पाहून श्रोते खिळून राहतात आणि मग यशाच्या ओढीने एकेक साथीदार त्याच वाटेला लागतो, एवढीच कथा. हाताशी पैसा बेताचा, पण कलावंत मात्र अस्सल संगीतातले: इगी पॉप, ॲलिस कूपर, हेन्री रोलिन्स, मोबी. 'रश' या नामांकित बँडचे गिटारवादक ॲलेक्स लाइफसन त्यात चक्क सीमेवरच्या तपासनिसाच्या भूमिकेत आहेत. मुलांनी तेवढा प्रसंग मला दोनदा लावून दाखवला, आणि सीमेवर जन्म काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो अगदी जवळचा वाटला.

थोड्या पैशांत भयपट काढण्याची रीत आपल्या देशातही जुनीच आहे. रामसे बंधूंनी १९७२ साली 'दो गज ज़मीन के नीचे' काढला तेव्हा कॅमेरा, ध्वनी, दिग्दर्शन असे एकेक काम भावाभावांनी वाटून घेतले होते. वडगावची मुले वेगळे काय करत आहेत? बंद पडलेल्या यंत्रमागाच्या एका शेडमध्ये त्यांची तालीम चालते. पत्र्याला आवाज घुमू नये म्हणून त्यांनी चारी बाजूंना जुन्या गोधड्या टांगल्या आहेत, ड्रमखाली पोती अंथरली आहेत, आणि शेजारच्या शेडमधले माग रात्री थांबले की मगच ध्वनिमुद्रण सुरू होते. रक्तासाठी काकवीत खायचा लाल रंग कालवतात. काकवीचा तो दाट, सावकाश ओघळ पडद्यावर इतका खरा दिसतो की माझी नात डोळे झाकून बसली.

आता भाषेविषयी, कारण आक्षेपाचे मूळ तिथेच आहे. त्या लघुपटातली तिन्ही गाणी मराठीत आहेत, तीही आपल्या बेळगावी मराठीत. पिशाच्च झालेली मुलगी मध्यरात्री मित्राच्या दारात उभी राहून 'आत येऊ काय?' एवढेच विचारते, कारण कोणी बोलावल्याखेरीज पिशाच्चाला उंबरा ओलांडता येत नाही. आणि आतून तो भेदरून विचारतो, 'येवढ्या रातीला कुठं जाऊलालीस?' हे वाक्य पुण्या-मुंबईच्या पडद्यावर मी कधी ऐकलेले नाही. ज्या बोलीला शाळेत आणि नोकरीत गावठी म्हणून हिणवले जाते, तिच्यात भीती, प्रेम आणि इलेक्ट्रिक गिटारचा कल्लोळ मावू शकतो, हे या पोरांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून दाखवले आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुना आपल्याशा केल्या, मग इथल्याच मातीत वाढलेल्यांनी परक्या सुराला घाबरावे, हे मला समजत नाही.

लघुपटात दोष नाहीत असे नाही. संवाद गाण्याखाली दबले आहेत, मधला पाठलाग उगाच लांबला आहे आणि शेवट उरकून टाकल्यासारखा वाटतो. टीकाकारांनी यावर लिहिले असते तर मुलांना त्याचा उपयोग झाला असता. विषयच नको म्हटल्यावर त्यांनी सुधारायचे तरी काय?

हा लघुपट दाखवण्यासाठी मुलांनी एका सभागृहाकडे अर्ज केला होता. असला विषय आमच्याकडे चालणार नाही, एवढ्या एका वाक्यात तो परत आला. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील एखाद्या मराठी मंडळाने वा वाचनालयाने एका संध्याकाळपुरती जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकर मुले स्वतः घेऊन येतील. आपण आपल्या दैनिकात त्याची चार ओळींची सूचना छापलीत, तर टीका करणाऱ्या त्या वाचकांनाही मी माझ्या शेजारची खुर्ची राखून ठेवीन.

आपला नम्र,
एक वाचक, वडगाव, बेळगाव