स्तोत्र तंतुवाद्यांचं, पण तारा मुक्या

महोदय,

आपल्या सणांच्या सदरात ज्यूंच्या ओमेर-गणनेला दोनच ओळी मिळाल्या. वल्हांडण (पासओव्हर) या ज्यू सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ रात्री, आधी ईशस्तुती करून, दिवस मोजायचा. मग अनेक ठिकाणी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ६७वं स्तोत्र म्हणतात. शीर्षक सोडलं तर मूळ हिब्रूत त्याचे शब्द बरोबर ४९! मोजण्याआधी मन एकाग्र करणारी प्रार्थनाही काही जण म्हणतात. नुसता आकडा पुरत नाही. मिरजेत तंबोरे जुळवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून मला मौज वाटते ती शीर्षकाची. तिथं तंतुवाद्यांची साथ सांगितली आहे, आणि नेमकं याच काळात बरीच ज्यू कुटुंबं वाद्यसंगीत टाळतात. गळ्यावरच भागवायचं. (आमच्या धंद्याला हे परवडणारं नाही, ते सोडा.) मराठीत कीर्तनं करणाऱ्या बेने इस्रायलींवरही (आपल्या कोकणातले मराठी ज्यू) सविस्तर छापा.

– एक तंबोरा कारागीर, मिरज (जि. सांगली)