हॅम्बुर्गहून मामांना

हॅम्बुर्ग, 28 मे 2025

ती. मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी इथल्या फुटबॉल क्लबचं सांगत होते, तर तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या डिव्हिजनचं एवढं काय कौतुक?" ड्युटीवर होते, नीट बोलता आलं नाही. पण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा या तालमींची मॅच मला पहिल्यांदा दाखवणाऱ्या माणसाला याचं उत्तर द्यायलाच हवं.

आमचा क्लब हॅम्बुर्गर एस-फाउ. 1963 मध्ये बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची पहिली डिव्हिजन, सुरू झाली तेव्हापासून एकदाही खाली न आलेला हा एकटाच संघ होता. त्याची वर्षं, दिवस, तास मोजणारं घड्याळ स्टेडियममध्ये लावलेलं होतं. 2018 च्या मे महिन्यात संघ घसरला आणि पुढं ते घड्याळही उतरवलं. वर्षभरात परत वर जाऊ, असं सगळे धरून चालले होते. लागली सात वर्षं! सलग तीन हंगाम चौथा नंबर, मग दोनदा तिसरा आणि दोन्ही वेळा प्लेऑफमध्ये (वर जाण्यासाठी वरच्या लीगमधल्या संघाशी होणारी लढत) हार, मग पुन्हा चौथा.

2023 चं तर ऐकवत नाही. शेवटच्या दिवशी आपली मॅच जिंकली, माईकवरून अभिनंदन झालं, लोक मैदानात उतरून नाचायला लागले. तिकडं रेगेन्सबुर्गमध्ये आपल्याशी चुरशीत असलेल्या हायडनहाइमची मॅच अजून चालू होती. त्यांनी जादा वेळेत दोन गोल केले आणि वर गेले ते. इथले लोक अजून तो दिवस काढला की गप्प होतात.

आणि तरीही मामा, 57 हजारांचं स्टेडियम भरतंच! घसरलेल्या संघाला कुणी टाकून दिलं नाही, हेच मला सांगायचंय. आपल्या तालमीचा संघ हरला म्हणून पेठ बदलतो का कोण? तसंच इथं.

या हंगामाची सुरुवात कोलोनमध्ये जिंकून झाली. नोव्हेंबरात शाल्केविरुद्ध दोन गोलांची आघाडी घालवली आणि कोच बाउमगार्टना काढलं. त्यांच्या जागी मेर्लिन पोल्त्सिन आले, चौतिशीचे, हॅम्बुर्गचेच, लहानपणी याच संघासाठी प्रेक्षकांत उभं राहून ओरडलेले. मग गाडी रुळावर आली. एप्रिलमध्ये मात्र पुन्हा तीच धडधड: घरच्या मैदानावर ब्राउनश्वाइगनं 4-2 नं धुतलं, कार्ल्सरुहनंही हरवलं. वॉर्डातले एक पेशंट मला म्हणाले, "सिस्टर, यंदाही आपण हातचं घालवणार बघा." मी त्यांना नाही म्हणाले, पण मलाही तेच वाटत होतं.

10 मेला उल्मशी मॅच. मी उत्तरेच्या स्टँडात, उभ्याच्या जागेवर. पहिला गोल उल्मचा! बरोबरी झाली, नंतर त्यांना पेनल्टी मिळाली. माझ्या शेजारच्या आजोबांनी मैदानाकडं पाठ केली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले, काय झालं ते माझ्या चेहऱ्यावर वाचायला. आपला गोलकीपर हॉयर फर्नांडेसनं ती अडवली. मी ओरडले, ते वळले, आणि पुढं नुसती गोलांची रांग लागली. 6-1! आपला स्ट्रायकर झेल्केचा एक गोल त्यात होताच, हंगामात बावीस केलेत पठ्ठ्यानं. शिट्टी झाली तशी माणसं मैदानात घुसली. त्या रेटारेटीत बरेच जण जखमी झाले, तेवढं फार वाईट झालं. मी वरच थांबले होते, आईला सांगा.

पहिला नंबर कोलोनचा, आपला दुसरा, म्हणजे दोघंही थेट वर. तिसरा कोण माहितीय? एल्फर्सबेर्ग. जेमतेम तेरा हजार वस्तीचं गाव! परवा प्लेऑफमध्ये हायडनहाइमनं अगदी शेवटच्या क्षणाला गोल करून त्यांना अडवलं, नाहीतर ते गाव बायर्न म्युनिकसारख्या बड्या क्लबशी खेळलं असतं. मला ही शिडी आवडते. जिंकलात तर वर, हरलात तर खाली, गावाचा आकार कुणी विचारत नाही. आपल्याकडं यंदा आय-लीगचा (आपली दुसरी डिव्हिजन) विजेता चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी, हे ठरवायला प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडं गेलंय. खेळणाऱ्या पोरांचं काय होत असेल? कोल्हापूरच्या पोरांच्या पायात कला आहे, त्यांना चढायला अशी पायरी नको का?

हॅम्बुर्गचाच दुसरा क्लब सेंट पाउली वरच्या लीगमध्ये टिकलाय, म्हणजे येत्या हंगामात आपल्याच शहरातली डर्बी बुंडेसलिगात. तिकिटासाठी आतापासून धडपड सुरू करतेय. तुमच्या पासपोर्टचं काय झालं? पोलीस व्हेरिफिकेशन अडकलं असेल तर दादाला घेऊन जा. आणि पाटाकडीलचा निकाल फोनवर तुटक सांगू नका, गोल कुणी केला ते लिहून पाठवा.

मामींना नमस्कार.

तुमची भाची