दादा वावर विकतोय

प्रिय बंड्या,

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर ताब्यात, बाकी सगळं ठीक.

दादा नाल्याकडचं वावर विकतोय. हो, गोल मांडलेल्या मोठ्या गोट्यांचं तेच. लेआऊटवाला येऊन मोजणीचं बोलून गेला, इसार तेवढा व्हायचा आहे. प्लॉट पाडायचे म्हणजे जेसीबी सगळ्यात आधी गोटेच उपटणार. हे कळल्यापासून मला झोप लागत नाही. घरात बोललो, तर "दगडांसाठी एवढं?" म्हणाले. तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला लिहितोय.

रविवारी मुद्दाम नागपूरजवळच्या जुनापाणीला जाऊन आलो. काटोल रोडनं किती वेळा गेलो असेन, पण कधी उतरलो नव्हतो. माळावर काळ्या दगडांची तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत रे! एका दगडाजवळ बसलो. त्याच्या पाठीवर अंगठा मावेल एवढे खळगे, एका ओळीत कोरलेले. हात फिरवला तर कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. आणि एकदम आठवलं, आपण चिंचोके टाकून खेळायचो ते धुऱ्यावरच्या गोट्याचे खळगे हुबेहूब असेच! रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये या खळग्यांवर लिहून ठेवलंय. पुढं १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथं खोदलं. वर्तुळाच्या आत मातीखाली मडकी, लोखंडी हत्यारं आणि माणसांची तुटकी हाडं.

म्हणजे ही थडगी. आजी आपल्या गोट्यांना 'गवळ्यांचे वाडे' म्हणायची, ते गेले. तू आजीच्या बाजूनं भांडलास आणि आठवीत माझ्याशी अबोला धरलास, तो खटला आज मी जिंकलो. पण 'इथं घोडा पुरलाय' हे तुझंच खरं ठरावं! नागपूरजवळच माहूरझरीला १९७० नंतर पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी असंच उत्खनन केलं, तेव्हा माणसांसोबत पुरलेले घोडे निघाले, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेले. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या मातीत कुणीतरी आपल्या माणसाला घोड्यासकट निरोप दिला, आणि एवढाले दगड ओढत आणून भोवती मांडले. आपल्या वावरात कोण असेल? मला तो माणूस आता परका वाटत नाही. बाबांना आपण तिथून पन्नास पावलांवरच तर अग्नी दिला.

आता अडचण ऐक. पुरातत्त्व खात्याला एक अर्ज केला तर ते येऊन बघतील. पण जागा केंद्राच्या संरक्षणाखाली गेली, तर हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, आणि त्यापुढं आणखी दोनशे मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. वावर केवढं, तुला ठाऊक आहे. लेआऊटवाला त्याच दिवशी पळेल. आणि दादाला पैसा हवाय, हे काही खोटं नाही. संत्र्याची बाग वाळली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, ताईचं लग्न त्यानं एकट्यानं निभावलं. मी शहरात पगार घेतला, वावर त्यानं राखलं. त्याच्या पाठीमागं अर्ज टाकणं माझ्यानं होणार नाही. आणि गप्प बसलो तर गोटे भरावात जातील, हेही बघवणार नाही.

मला एक मार्ग दिसतो. गोट्यांचा कोपरा विक्रीतून वगळायचा, त्याचे पैसे मी दादाला द्यायचे, आणि अर्ज करायचा तो आम्ही दोघांनी मिळून, सौद्याच्या आधी, लेआऊटवाल्याला सगळं सांगून. सौदा मोडला तर कर्जाचा अर्धा वाटा मी उचलीन, पीएफ काढीन. तुझ्या वहिनीला अजून बोललो नाही. दादाला मी सांगायला गेलो की आवाज चढतात, बैलजोडीच्या वेळी झालं तसं. तुझं मात्र तो ऐकतो. लहानपणापासून तुला लाडू आधी द्यायचा, मला नंतर, ते मी विसरलेलो नाही!

तुझ्या पोराला पुण्यात नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं झालं. सुनेचं बाळंतपण नीट पार पडो. दुकानाचं भाडं वाढवलं म्हणे, त्याचं काय केलंस ते कळव.

दिवाळीची वाट बघू नकोस. इसार पोळ्यानंतर ठरेल असं दादा म्हणतो. त्याआधी दोन दिवस काढून ये, गाडी मी स्टेशनवर आणतो. ते जमत नसेल तर निदान फोन कर. रात्री नऊनंतर दादा ओसरीवर एकटाच असतो, तेव्हा करशील.

तुझा,
गज्या