डायरेक्ट आऊट नसलेला मिक्सर परत घ्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दहा चॅनलच्या छोट्या ऑडिओ मिक्सरबाबत खोटी माहिती देऊन केलेली विक्री

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला सहावा आणि शेवटचा फोन केला. यापुढे जे काही बोलायचं ते लेखी.

मिक्सर घेण्याआधी तुमच्या विक्री विभागाला मी ई-मेलने एकच प्रश्न विचारला होता. पहिल्या चार चॅनलना वेगवेगळा डायरेक्ट आऊट, म्हणजे फक्त त्या चॅनलचा आवाज बाहेर काढायचं स्वतंत्र भोक, आहे का? चार ट्रॅकच्या रीळ मशीनवर रेकॉर्डिंग करायचं आहे, हेही त्यातच लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, "होय, सर्व चॅनलना डायरेक्ट आऊट आहे." खोक्यावरही तेच छापलंय. घरी आल्यावर मिक्सर पालथा-उताणा करून पाहिला. मेन आऊट दोन (डावा-उजवा), एक ऑक्स सेंड, एक एफएक्स सेंड (आवाज वेगळा बाहेर पाठवायच्या जादा वाटा), हेडफोन, बस्स. मॅन्युअल शेवटपर्यंत वाचलं तेव्हा कळलं, तुमचा डायरेक्ट आऊट म्हणजे यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरकडे जाणारे चॅनल. टेप मशीनला यूएसबी नसतं. हे तुम्हाला माहीत आहे आणि मी टेपसाठीच घेतोय हेही तुम्हाला माहीत होतं.

माझ्याकडे टिअ‍ॅकचं ए-३३४०एस आहे. पाव इंची टेप, साडेदहा इंची रीळ, सेकंदाला १५ इंच. २५०० फुटांचं रीळ तेहतीस मिनिटांत संपतं आणि नवी टेप परदेशातून मागवावी लागते. चार ट्रॅक कशासाठी, तर आईचा आवाज, पेटी, तबला आणि टाळ. आई ७९ वर्षांची आहे. अभंगाच्या तिसऱ्या कडव्यापर्यंत तिचा दम पुरतो, मग आवाज खाली येतो. टाळ मात्र तसाच खणखणत राहतो. टाळ वेगळ्या ट्रॅकवर असेल तरच तो नंतर कमी करता येतो. एकदा टेपवर मिसळला की मिसळला.

मी प्रयत्न केला नाही असं म्हणू नका. तुमच्या मिक्सरचं आऊटपुट +४ डीबीयू आणि मशीनचं इनपुट −१० डीबीव्ही, दोन्ही मोजमापं वेगळी. तो साधारण बारा डीबीचा फरक मी मशीनच्या नॉबवर सांभाळला, त्याची तक्रार नाही. आईचा आवाज मेनच्या डावीकडे, पेटी उजवीकडे, तबला प्री-फेडर ऑक्समधून (तिथे आवाज फेडरच्या, म्हणजे चॅनलच्या सरकपट्टीच्या, आधीच बाहेर निघतो), असे तीन ट्रॅक निघाले. चौथा निघतच नाही, कारण एफएक्स सेंड फेडरनंतरचा आहे. फेडर उघडला की टाळ एफएक्सबरोबर मेनमध्येही शिरतो, म्हणजे थेट आईच्या नाहीतर पेटीच्या ट्रॅकवर. इन्सर्टची (चॅनलचा सिग्नल मध्येच बाहेर काढून परत आत घ्यायची) भोकं असती तर मोनो जॅक पहिल्या 'टक्'पर्यंत अर्धाच घालून तिथून सिग्नल काढला असता. या मॉडेलमध्ये तीही नाहीत.

शेवटी मागच्या रविवारी तबला आणि टाळ एकाच ट्रॅकवर घेतले. मंडळी मिरजेला आमच्या मागच्या खोलीत बसली होती, पंखा बंद होता, सगळे घामाघूम. रीळ संपून टेपचं टोक फडफडायला लागलं तेव्हा आईने विचारलं, "आलं का रे सगळं?" मी हो म्हटलं. रात्री ऐकलं. शेवटच्या दोन्ही अभंगांत तबला ऐकू येईल इतका तो ट्रॅक वर घेतला की टाळाखाली आई ऐकूच येत नाही. आता हे तिला कसं सांगू?

आणि आजचा फोन. वीस मिनिटं धरून ठेवला, सिरीयल नंबर तीनदा विचारला. मग प्रश्न, "सर, ड्रायव्हर इन्स्टॉल केला का?" मी म्हटलं, कॉम्प्युटर नाही, टेप मशीन आहे. "मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बघा." पुन्हा सांगितलं, कॉम्प्युटर नाही. त्यांनी वरिष्ठांकडे फोन दिला. वरिष्ठांना मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं, आईचं वयसुद्धा सांगितलं. ते सांगायला नको होतं. ते म्हणाले, "सर, आईंचाच आवाज घ्यायचा आहे ना? घरच्या घरी? मग मोबाईलवर घ्या की. त्याला एवढं मिक्सर-बिक्सर कशाला?" मी गप्प झालो. त्यांना वाटलं माझं समाधान झालं. फोन ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत तोच मेसेज आला, 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.'

कोणी सोडवली? मिक्सर टेबलावर तसाच पडलाय, डायरेक्ट आऊट अजूनही नाही. माझ्या आईचा आवाज कशावर घ्यायच्या लायकीचा आहे आणि कशावर नाही, हे तुमचा माणूस ठरवणार?

कॉलेजच्या हॉलमध्ये तुमचाच मिक्सर होता, पाठीवर डायरेक्ट आऊटची सरळ रांग असलेला. त्यावर मी हे काम शिकलो. म्हणून दुसऱ्या कुठल्या कंपनीकडे पाहिलंही नाही. याचं वाईट पैशांपेक्षा जास्त वाटतं.

मला बदली मिक्सर नको, कूपन नको. पूर्ण पैसे परत द्या, मिक्सर तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि खोक्यावर 'फक्त यूएसबीमार्गे' असं ठळक छापा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तुमचा ई-मेल, खोक्याचा फोटो आणि बिल या पत्रासोबत जोडलं आहे. तेच तिथेही जोडेन.

पंधरा दिवसांच्या पुढे मला थांबता येणार नाही. मंडळी आषाढीच्या वारीला निघाली की महिनाभर पेटीवाला नाही, टाळकरी नाही. त्याआधीचा एक रविवार मला आईसाठी हवा आहे.

आपला ग्राहक,
मिरज